कडू तुपाचा पंचनामा

कंपू, लश्कर, ग्वाल्हेर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सुलूस दादाचे आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोन आमच्या चिरंजीवांनी, अंशुलनं, घेऊन दिलाय, त्याचा पासवर्डही त्यानंच घातलाय, आणि मी जन्म पोलिसात काढलाय. फोनवर बोलणं म्हणजे इंदरगंजच्या चौकात उभं राहून बोलणं. पाकीट बरं. कोणी उघडलं तर निदान कळतं तरी.

विषय माझी कातडी. सोरायसिस म्हणतात तो तुला माहीतच आहे. तू सगळा जन्म वैद्यकी केलीस, तुला काय सांगायचं. कोपरं, गुडघे, कंबर, डोकं. खाजवलं की पांढरा भुसा पडतो, सकाळी माझी चादर झटकताना मलाच लाज वाटते. आता तर हाताच्या पाठीवर आलंय, पूर्ण बाह्यांच्या शर्टातही झाकत नाही. इथल्या हॉस्पिटलचं मलम लावलं की जातं, सोडलं की दुप्पट जोरानं परत येतं.

म्हणून अंशुलनं मला एका वैद्यांकडे नेलं. नाव, जागा, बाई की बुवा, काही लिहीत नाही. पत्र वाटेत फुटलं तर उगाच कोणाची बदनामी नको. पण काय ती उलटतपासणी! रात्री दही खाता का, दुधाबरोबर खारट खाता का, दुपारी झोपता का, पोट साफ होतं का, राग आला की बोलून टाकता की गिळता? अगं, मी ठाण्याचा टी.आय. म्हणून रिटायर झालो, लोकांची बयानं मी घ्यायचो. मी म्हटलं, मी पेशंट आहे की मुलजिम? त्यावर उत्तर काय, तर "दोन्ही असू शकता, म्हणूनच लोकांना सगळं विचारावं लागतं." म्हणजे बघ.

एक बरणी तूप दिलंय, जहर कडू. आणि एक चूर्ण. मला पक्का शक आहे की त्यात स्टेरॉइड कुटून घातलंय. मुरारच्या बाजूला असाच एक भोंदू मी स्वतः धरला होता, खलबत्त्यात गोळ्या कुटताना. तू सांग, कसं ओळखायचं?

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. सूनबाईनं, स्मृतीनं, माझा टॉवेल वेगळा केलाय. साबण वेगळा. कपडे वेगळ्या बादलीत. आणि उन्नती, माझी नात, रांगायला लागली, माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येते, की सूनबाई लगेच उचलून नेते. काही बोलत नाही. पण मला लोकांच्या तोंडावरचं वाचता येतं. जन्मल्यापासून मी त्या पोरीला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही, सुलू. तुझी वहिनी असती तर हे झालं नसतं.

उत्तर पाकिटातच पाठव.

तुझा दादा


सातारा
२ डिसेंबर २०२४

ती. दादास सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग उन्नतीबद्दलचं दोनदा वाचलं.

शक घेतलास ते चांगलंच केलंस, या एका बाबतीत तुझा स्वभाव कामाचा आहे. नीट ऐक. औषधावर नाव, घटक, कोणी बनवलं ते लिहिलंय का बघ. बिनलेबलाचं चूर्ण आणि चार-आठ दिवसांत जादू झाल्यासारखी कातडी साफ, चेहरा सुजलेला, भूक वाढलेली, असं झालं तर औषध तिथेच थांबव आणि डॉक्टरला गाठ. आणि "मुळापासून घालवतो" असं जो कोणी म्हणेल, त्याच्या दारातून उलटा फिर. हा रोग ताब्यात राहतो, समूळ जात नाही. माझ्या हातूनही कोणाचा समूळ गेला नाही.

पण ते प्रश्न भोंदूपणाचे नाहीत बरं का. आम्ही नुसत्या कातडीकडे बघतच नाही. पचन बिघडलेलं, रक्त दुष्ट झालेलं, डोक्यात कसली तरी जळजळ, आणि त्यावर वर्षानुवर्षं चुकीचं खाणं, असं सगळं मिळून ते बाहेर फुटतं असं मानतो. म्हणून आधी खाणं सुधारायचं, कडू रसाची औषधं द्यायची, शरीर झेपत असेल तर पोट साफ करायचा मोठा उपचार, तोही बीपी बघून. हळू काम आहे. तुझ्यासारख्या माणसाला सगळ्यात जड जाणारं औषध म्हणजे राग न गिळणं.

दही बंद. आंबट, खारट बंद. आणि थंडी पडली म्हणजे मुरैन्याची गजक घरात आली असेलच. तीळ आणि गूळ तुला नको. हॉस्पिटलचं मलम मनानं एकदम सोडू नकोस, तिथल्या डॉक्टरांना दाखवत राहा. बोटांचे सांधे दुखले तर तेही सांग.

आणि हे स्पर्शानं पसरत नाही. अजिबात नाही. ते स्मृतीला माहीत आहे का? तिला सरळ विचार की टॉवेल का वेगळा केलास. तू नाही विचारणार, माहीत आहे मला. पण विचार.

तुझी सुलू


ग्वाल्हेर
४ जानेवारी २०२५

चि. सुलूस आशीर्वाद.

विचारलं नाही. मुलजिमाला आधीच सावध करायचं नसतं.

आता तफ्तीश कुठवर आली ते ऐक. बरणीवर लेबल होतं, घटकही होते, पण लेबल काय कोणीही छापतं. मी ते तूप आणि चूर्ण तोंडाला लावलंच नाही. जुन्या सवयीनं लाख वितळवली, दोन्हीला कापड बांधून सील केलं, तारीख घातली आणि पंच म्हणून शेजारच्या कान्होजीची सही घेतली. कशाचं सील ते त्याला सांगितलं नाही, बिचाऱ्यानं विचारलंही नाही. मुद्देमाल माझ्या कपाटात आहे. घरात सांगतो की रोज घेतो.

आणि आता कमाल ऐक. एक चमचा न घेता मी बरा होतोय! हाताची पाठ जवळजवळ साफ. कोपरावरचा भुसा कमी झालाय, रात्रीची खाज गेली. म्हणजे वैद्यांचं सगळं बेकार ठरलं की नाही? मी त्यांच्यासमोर जाऊन सील दाखवणार आणि म्हणणार, बोला आता.

पण सुलू, दुसरी केस गंभीर होत चाललीय. घरातलं अन्न कडू लागतं. मुगाचं वरण कडू. मेथी आणि कारलं तर रोजचंच, त्यात कडूपणा कळणारच नाही अशी योजना. पोळीवरचं तूपसुद्धा कडवट. बाकीचे माझ्या भांड्यातलं घेत नाहीत, माझं वरण वेगळ्या पातेल्यात होतं. मी एकदा अंशुलला म्हटलं, चाखून बघ. स्मृती लगेच म्हणाली, "अरे बाबा, त्याला क्यूँ खिला रहे हो, वो आपका है." पोळी हातात धरून मी तिच्याकडे बघत राहिलो. तिनं नजर चुकवली. नजर चुकवणारा माणूस मी कधी निर्दोष पाहिलेला नाही.

गजकेचा डबा गायब. दह्याचं विरजण लावणं बंद. ती स्वयंपाकघरात फोनवर हळू बोलते, मी गेलो की "बाद में करती हूँ" म्हणून ठेवते. काल कानावर आलं, "बाबांना कळलं तर घर डोक्यावर घेतील."

काय कळलं तर? तूच सांग. मी घाबरट नाही, पण घरातल्या घरात हळूहळू दिलेलं विष मी दोन केसेसमध्ये पाहिलंय. तरी मी जेवतो. का, तर न जेवण्याचं कारण सांगावं लागेल, आणि सांगितलं तर उन्नतीला घेऊन ती माहेरी भोपाळला निघून जाईल. पोरगी उंबऱ्यापर्यंत तरी येते, तीही दिसायची नाही.

दादा


सातारा
१३ जानेवारी २०२५

ती. दादास सा. न.

उशीर झाला, घरी पाहुणे होते.

दादा, तू काहीही डोक्यात घेऊन बसतोस. विष कसलं! पथ्याचं जेवण कडूच असतं. मूग, मेथी, कारलं, पडवळ, हे सगळं तुझ्या कातडीला मानवणारं आहे आणि ती मुलगी रोज वेगळं शिजवते तर गप जेव. कोणत्या सुनेला एवढा वेळ आहे आजकाल? बरा होतोयस ना? मग चालू आहे ते चालू दे. जास्त चौकशा करू नकोस.

दुपारची झोप सोडलीस का? गोरखीच्या त्या मुलीनं तुला एवढं बजावलं होतं, ते तरी ऐक. वयानं लहान असली तरी हुशार दिसते. आणि सील वगैरे दाखवून तिचा अपमान करायला जाऊ नकोस.

उन्नतीचं बोरन्हाण कधी आहे? माझ्याकडून तिला काळ्या खणाचं झबलं पाठवलंय, मिळालं का कळव.

घाईत आहे.

सुलू


ग्वाल्हेर
२२ जानेवारी २०२५

सुलोचना,

तुझं अक्षर बघूनच मला शंका आली होती. तू इतकं घाईत कधी लिहीत नाहीस.

त्या वैद्यांच्या मोहल्ल्याचं, गोरखीचं, नाव माझ्या कुठल्याही पत्रात नाही. मी पत्राची कच्ची प्रत ठेवतो, काढून बघितली. वैद्य बाई आहे हे मी लिहिलेलं नाही, वयानं लहान आहे हेही नाही, दुपारच्या झोपेबद्दल बजावलं हे तर नाहीच, फक्त विचारलं एवढं लिहिलं होतं. मग तुला साताऱ्यात बसून कळलं कुठून?

तुझं पत्र स्मृतीसमोर ठेवलं. इतक्या लवकर कबूल करणारा मुलजिम मी पाहिला नव्हता. रडत रडत सगळं सांगितलं. तू डिसेंबरात तिला फोन केलास. जेवण तू ठरवून दिलंस. बरणी फुटली असं खोटं सांगून गोरखीहून दुसरी बरणी तिनं आणली, आणि रोज माझ्या वरणात, माझ्या पोळीवर ते कडू तूप! मला न विचारता! माझं बीपी आहे, माझी साखर बॉर्डरवर आहे, माझं शरीर माझं आहे. चांगल्यासाठी केलं म्हणे. मी धरलेला प्रत्येक माणूस हेच म्हणायचा.

विष नव्हतं, कबूल. पण माझा शक खरा निघाला की नाही? अन्नात कोणीतरी काहीतरी घालत होतं, आणि माझी सख्खी बहीण त्यात सामील होती. मी पत्र कोणाला लिहीत होतो, सुलू? या जगात जिच्याजवळ बोलावं अशी मला एकच वाटत होतीस, तू.

बोरन्हाण रविवारी झालं. स्मृती आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुम्ही वरच बसाल का? बायका येणार आहेत." बसलो. मग राहवलं नाही, जिन्यावर येऊन उभा राहिलो. तुझं झबलं घातलं होतं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. बोरं, मुरमुरे डोक्यावरून ओतले तशी पोरगी आधी घाबरली आणि मग दोन्ही हातांनी वेचायला लागली. एक बोर घरंगळत जिन्यापर्यंत आलं. मी ते उचललं आणि वर गेलो.

आजपासून या घरचं अन्न मला बंद. तू उत्तर पाठवू नकोस.

संभाजीराव


ग्वाल्हेर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

मला मराठी लिहायची सवय नाही, चुका माफ करा. बाबा म्हणतात या घरात आता जे काय बोलायचं ते कागदावर, म्हणून लिहितेय. आणि हे पत्र मी चिकटवणार नाही. आधी बाबांच्या टेबलावर उघडं ठेवणार आहे. त्यांनी वाचलं, आणि त्यांना वाटलं तर ते पोस्टात टाकतील. अब छुपाके कुछ नहीं करना मुझे.

आत्या, हाल बुरा है. बाबा सकाळी निघतात, इंदरगंजला कचोरी खातात, दुपारी कुठेतरी समोसे, दही-बडे. रात्री खोलीत बिस्किटं. माझ्याशी, अंशुलशी एक शब्द नाही. तीन-साडेतीन आठवड्यांत सगळं परत आलंय, पहिल्यापेक्षा जास्त. हातावर लाल चकते, कानामागे पण. खाजवतात ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. अंशुल म्हणाला हॉस्पिटलला चला, तर त्याला म्हणाले, "समन्स काढ."

मला सगळं खरं लिहायचंय. टॉवेल, साबण मी वेगळा केला तेव्हा मला वाटत होतं की हे लागतं. मी घाबरले होते. उन्नती छोटी होती, मी नेटवर फोटो बघितले आणि डरच बसला. कोणाला विचारायची शरम वाटली. तुमचा फोन आला तेव्हा कळलं की नाही लागत. मग मी टॉवेल परत एक करायला हवा होता. नाही केला, कारण मग सांगावं लागलं असतं की इतके दिवस का वेगळा होता.

तुपाचं माझंच डोकं, तुमची चूक नाही. तुम्ही फक्त खाण्याचं सांगितलं होतं. मी बघायचे, बाबा म्हणायचे औषध घेतलं, पण चमचा रोज कोरडा. घासायला कधी आलाच नाही. मला वाटलं थोडं थोडं जेवणात घातलं तर काय होतंय. फरक दिसायला लागला तशी मी और खुश. गोरखीला निवेदितामॅडमना आता जाऊन खरं सांगितलं. त्या माझ्यावर खूप रागावल्या. म्हणाल्या, पेशंटला न सांगता दिलेलं औषध हे औषध नाही.

आणि बोरन्हाणाचं. तेव्हा तर मला माहीत होतं की लागत नाही. तरी मी बाबांना वर बसवलं. बायकांच्या तोंडाला घाबरले. कोणी म्हणेल, आजोबांच्या हाताला काय झालंय, बाळाला देऊ नको. मी तेच आधी म्हणून टाकलं.

काल बाबांचा शर्ट धुवायला घेतला. खिशात एक बोर होतं, पूर्ण वाळलेलं. उन्नतीच्या बोरन्हाणातलं. मी तिथेच बाथरूममध्ये बसून रडले आत्या. ते त्यांनी इतके दिवस खिशात ठेवलं होतं.

बाबा, तुम्ही हे वाचत असाल तर, टॉवेल मी आज परत बाहेरच्या दांडीवर सगळ्यांच्या बरोबर टाकलाय. माफी मागते.

तुमची
स्मृती

(मजकूर वाचला. पोस्टात टाकतो आहे. — सं.)


सातारा
२७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न.

तू उत्तर पाठवू नकोस म्हणाला होतास, तरी पाठवते आहे. फाडायचं तर फाड.

तूप घातल्याचं मला पहिल्या आठवड्यात कळलं. स्मृती म्हणते माझी चूक नाही, पण मी तिला थांबवलं नाही, ही माझीच चूक. शिकवताना वर्गात मी मुलांना बजावायचे की पेशंटनं होकार दिल्याशिवाय नाडीलासुद्धा हात लावायचा नाही. आणि भावाच्या बाबतीत म्हटलं, जाऊ दे, तो कुठे ऐकणार आहे. तुझा शक खरा होता, दादा. तू रागावलास ते बरोबर होतं. मला माफ कर.

तू विचारणार की मग बरा कशानं झालास, तुपानं की जेवणानं. खरं उत्तर हवं असेल तर मला माहीत नाही. तूप असेल. दही, गजक बंद झाली ते असेल. हा रोग आपणहून कमी-जास्तही होतो. आणि आता पुन्हा पेटला तो नुसत्या कचोरीनं नाही, घरच्यांवर धरलेल्या रागानंही. त्या मुलीनं पहिल्याच दिवशी तुला विचारलं होतं, राग बोलून टाकता की गिळता. तू काय उत्तर दिलंस ते तू मला लिहिलंच नाहीस.

एक कर. ते सील केलेलं सगळं घेऊन गोरखीला जा. आम्हा कोणाला बरोबर नेऊ नकोस. तिच्यासमोर सील फोड, काय विचारायचं ते विचार, आणि नाही पटलं तर घेऊ नकोस. पण हॉस्पिटलच्या डॉक्टरांना मात्र दाखव. कानामागे, हातांवर एवढं चढलंय, त्यात हयगय नको.

पत्राची वाट बघते. रोज दुपारी पोस्टमन गेला की गॅलरीत पाकीट पडलंय का बघते.

सुलू


कंपू, लश्कर, ग्वाल्हेर
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

चि. सुलूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र फाडलं नाही. आठवडाभर उशीखाली ठेवलं आणि मग हॉस्पिटलला गेलो. त्यांनी रक्त तपासलं, नवीन मलम दिलं, कसं कमी करत आणायचं ते समजावलं. मी वैद्यांबद्दलही सांगितलं, लपवलं नाही. त्यांनी लेबल बघायला मागितलं. मला तो माणूस आवडला, त्यालाही शक येतो.

मग मुद्देमाल पिशवीत घालून गोरखीला. निवेदिता वैद्य पोरगी आहे गं, आपल्या अंशुलपेक्षाही लहान. बरणीवरची लाख, कापड, कान्होजीची सही बघून हसेल म्हणून मी तयारीत होतो. हसली नाही. म्हणाली, "फोडा तुम्हीच." फोडलं. तिनं बोटाच्या टोकावर घेऊन आधी स्वतः चाटलं, मग बरणी माझ्यापुढे सरकवली. मी विचारलं, बरा करणार का? म्हणाली, "काका, हे परत येणार. कमी येईल, उशिरा येईल, एवढंच बघू आपण." तू सोडलीस तर इतकी वर्षं मला कोणी असं सरळ सांगितलं नव्हतं. मोठ्या उपचाराचं नंतर बघू, डॉक्टरांशी बोलून, म्हणाली.

तिनं तो जुना प्रश्न परत विचारला. गिळतो, असं सांगितलं. मग म्हणे आज कोणावर आहे राग? मी तुमच्या सगळ्यांची नावं घेतली. मग शेवटी माझंही घेतलं.

आता तूप स्मृती देते, पण माझ्यासमोर. बरणी उघडते, चमचा माझ्या हातात देते, "देख लो बाबा, पूरा सील-पैक है," असं म्हणून चिडवते. पहिल्या दिवशी मी तिला बोललो बरं का. मनात होतं ते सगळं, टॉवेल, बोरन्हाण, जिना. आवाज चढला. तिनं ऐकून घेतलं, मग तीही बोलली की घरात थानेदार बसलाय असं वाटतं, नवऱ्याशी फोनवर बोलायचं तरी स्वयंपाकघरात जावं लागतं. ऐकलं. बरोबर आहे तिचं. जेवण अजून कडूच आहे, पण आता निदान कडू का आहे ते माहीत आहे. गजकेची आठवण मात्र फार येते.

हात अजून साफ नाहीत. लाली उतरलीय, भुसा आहे. आज सकाळी गुढी उभारून झाल्यावर मी खुर्चीत बसलो होतो, तर स्मृतीनं उन्नतीला आणून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत निघून गेली. मी हाक मारली, अगं, माझे हात बघ, भुसा पडेल तिच्यावर. आतून म्हणाली, "गिरने दो. नहला दूँगी." पोरीनं माझं कोपर धरलं, खरबरीत लागलं असेल, दोन-तीनदा हात फिरवून बघितला आणि मग मिशीला लोंबकळली. मला रडू आलं, सुलू. लिहून ठेवतो, गिळत नाही.

अजून ती इथेच आहे, डाव्या हातावर झोपलीय. एकाच हातानं लिहिताना कागद धरता येत नाही, सारखा सरकतो, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय. त्यावरून उगाच कसला शक घेऊ नकोस.

तुझा दादा